जोड आहे का कुणी?

कुस्त्यांच्या बातम्या लिहून पोट भरणारे पुण्यात इतरही असतील, पण वेल्ह्याच्या खोऱ्यातून आलेला मी एकटाच. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, त्याचं कोण कौतुक! आमच्या विंझर गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या जोड्या तेच लावायचे. पैलवानाचा हात धरून त्याला मैदानभर फिरवायचे आणि हाळी द्यायचे, "हाय का कुणी जोड?" गर्दीतून "हाय!" आलं की आबा जागचे हलत नसत. म्हणणारा कुणीही असो, त्यानं आणलेला गडी बघितल्याशिवाय पुढची कुस्ती लागायची नाही.

माझ्याकडे त्यांचं एकच मागणं होतं. त्यांनी तयार केलेल्या माझ्या चुलतभावाचं नाव एकदा खोऱ्याबाहेर जावं. मी दर जत्रेची बातमी लिहायचो आणि संपादक दर वेळी ती कापायचे. "वेल्हं? वाचतो कोण?" आबांना मी सांगायचो, जागा नव्हती. साबणाच्या जाहिरातीला जागा असते आणि आपल्या गावाला नसते, हे त्यांना कधी पटलं नाही. मलाही नाही. पण नोकरी मी सोडली नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मला मुंबईच्या रेडिओवर कुस्तीवर बोलायला बोलावलं. भाषण आधी लिहून द्यायचं आणि मंजूर झालं तेवढंच वाचायचं. कागद परत आला तेव्हा चुलतभावाच्या नावावर काट मारलेली होती. उरला शहरातला एक नावाजलेला पैलवान, आणि शेवटी मी हौसेनं घातलेली आबांची हाळी. बंद खोलीत भिंतीकडे तोंड करून मी ती वाचली, "या पैलवानाला जोड आहे का कुणी?" आणि कागद आवरून उठलो.

आबा त्या दिवशी चुलतभावाला घेऊन, डोंगर ओलांडून चालत भोरला गेले होते. तिथल्या एका कापडाच्या दुकानात रेडिओ होता. पुढचं मला चुलतभावानं सांगितलं. हाळी ऐकताच आबा फेटा सावरत उठले, त्याचा हात धरून वर केला आणि ओरडले, "हाय! विंझरचा हाय!" मग तसेच उभे राहिले. रेडिओवर गाणं लागलं. माणसं पोट धरून हसली. दुकानदारानं पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं नाही.

गावी गेल्यावर मी त्यांची समजूत घालायला बसलो. म्हटलं, "आबा, रेडिओत तिकडचं हिकडं येतं, हिकडचं तिकडं जात न्हाई."

"ते कळलं मला," आबा म्हणाले. "ऐकायचंच नव्हतं, तर इचारलंस कशाला?"

अजूनही लोक रेडिओवरच्या माझ्या आवाजाचं कौतुक करतात आणि ते ऐकताना मला किळस येते. त्या वर्षी जत्रेत हलगी वाजली, सगळे आबांकडे बघत राहिले, आणि आबा उठले नाहीत.