पिंकीचा स्वच्छ दलिया

नवऱ्याची रेल्वेत बदली झाली, म्हणून मी भुसावळहून जयपूरला आले आणि जगतपुऱ्यामागच्या वस्तीत बाळांच्या जुलाबांच्या सर्व्हेचं काम धरलं. बाळाच्या खाण्याचा चमचाभर नमुना बाटलीत घ्यायचा आणि लॅबमध्ये द्यायचा. या कामात दारागणिक एक किस्सा मिळतो, आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

*

पहिल्याच घरी आजीबाईंनी माझी बाटली हातात घेतली, वास घेतला आणि ओढणीच्या टोकाने आतून पुसून परत दिली. "गंदी थी बेटा, साफ कर दी." निर्जंतुक केलेली बाटली होती ती!

*

हात धुवायचा साबण दाखवा म्हटलं, की तो ट्रंकेतून निघायचा, तोही वेष्टणासकट. "आप जैसा कोई आए तो निकालते हैं," एक सून म्हणाली. मी हात धुतले. तिने साबण पुसून पुन्हा ट्रंकेत ठेवला.

*

एकदा गंमत म्हणून माझ्याच डब्यातली सकाळची खिचडी मी नमुना म्हणून दिली. लॅबवाले माथुरजी रिपोर्ट घेऊन धावत आले. "मॅडम, इस घर में फौरन जाइए, माँ को कुछ समझ नहीं है."

*

लक्ष्मीकडे मात्र माझं हसू पळालं. तिची पिंकी नऊ महिन्यांची. जुलाबाने दोनदा दवाखान्यात जाऊन आलेली, आता तिसऱ्यांदा सुरू झालेले. डोळे खोल गेले होते. ही पोर हातची जाते की काय, अशी मला धास्ती बसली होती. आणि दलियाचे चारही नमुने स्वच्छ! पाणी तपासलं, तेही ठीक. माथुरजी म्हणाले, "इतना साफ तो मेरे घर नहीं बनता."

आम्ही नेहमी आधी कळवून जायचो. त्या दुपारी मला राहवेना, तशीच गेले. लक्ष्मी उघड्या पातेल्यातला गार दलिया पिंकीला भरवत होती. मला पाहताच तिने चमचा खाली ठेवला आणि गॅस पेटवला.

"बैठो दीदी, पाँच मिनट. अभी बनाती हूँ."

"फिर ये क्या है?"

"ये तो सुबह का है. पिंकी का."

"और जो मैं ले जाती थी?"

लक्ष्मीला माझा प्रश्नच कळेना. "आपको बासी कैसे दूँ, दीदी?"