अंड्यांची टक्कर

सण साजरा करण्याआधी त्याचा उगम समजावून सांगितलाच पाहिजे, असं मानणारा माणूस साऱ्या बंगळुरूत एकच, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. काका मूळचे बेळगावचे, मराठी ख्रिस्ती, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. बनशंकरीतलं त्यांचं घर बघायला गेलो तेव्हा नळाला पाणी कधी येतं एवढंच विचारलं, आणि ईस्टरची तारीख दरवर्षी का बदलते ते ऐकून आलो. "वसंतसंपातानंतरची पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. चंद्रावर चालतंय सगळं, तुमच्या पंचांगासारखंच की!" पाण्याचं नंतर काकूंनी सांगितलं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला की काका आम्हा भाडेकरूंकडून कांद्याची सालं गोळा करतात. ईस्टरची अंडी त्या सालांतच उकडून तांबूस करायची. बाजारचा रंग त्यांना चालत नाही. एकदा पुण्याहून आलेल्या माझ्या आईने सालं केरात टाकली, तर काका दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, "स्वल्प जपा हो ताई, सणाचं सामान आहे ते." आई दिवसभर ओशाळलेली. मग तिलाही उगम ऐकावा लागला: पूर्वी उपवासात माणसं अंडी खात नसत, पण कोंबड्यांना कुठला उपवास? अंडी साठत गेली, आणि सणाला रंगवून वाटायची चाल पडली.

त्यांच्या घरची चाल मात्र टकरीची. उकडलेलं अंडं मुठीत धरायचं, निमुळतं टोक पुढे, कारण तीच बाजू टणक, आणि समोरच्याच्या अंड्यावर आपटायचं. ज्याचं फुटेल तो हरला. काका सहसा हरत नसत. एका वर्षी यशवंतपूरला राहणाऱ्या धाकट्या भावाने त्यांना हरवलं, तर काकांनी सगळ्यांदेखत त्याचं अंडं सोलून बघायला मागितलं. आत प्लास्टर भरलंय, असा संशय! भाऊ अंडं टेबलावर ठेवून तडक निघून गेला. अंडं खरंच होतं. तेव्हापासून भावाने या घरात पाऊल टाकलं नाही, आणि जगातल्या प्रत्येक चालीरीतीवर तासभर बोलणाऱ्या काकांना 'चुकलं माझं' एवढं काही म्हणता येईना.

यंदा काकूंनी परस्पर फोन करून त्याला बोलावलं. पहाटेच्या उपासनेहून आल्यापासून काका खिडकी ते दार येरझारा घालत होते. उगमाबद्दल एक अक्षर नाही. मला काळजीच वाटली. शेवटी फाटकाशी रिक्षा थांबली. भाऊ आत आला, "अण्णा" एवढंच म्हणाला, आणि केव्हाही उठून जाता येईल असा खुर्चीच्या कडेवर बसला. काकूंनी टोपली पुढे केली. दोघांनी एकेक अंडं उचललं. काकांनी निमुळतं टोक तळहातात लपवलं आणि बोथट बाजू पुढे केली. फुटलं ते काकांचंच.

"माझं सोलून बघणार काय?" भावाने विचारलं.

"नको रे. जेवून जा," काका म्हणाले.

भाऊ संध्याकाळपर्यंत थांबला. त्याची रिक्षा वळल्यावर मी म्हटलं, "काका, तुम्ही उलटं धरलं होतंत."

"गप्प बस. जिंकलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतोय."

दोघांची वयं बघता पुढचं वर्ष ही काही लहान गोष्ट नव्हती. काका अंधार पडेपर्यंत फाटकाशीच उभे होते.