चुन्याची रेघ मीच मारली

मंडळी, तुमच्या वॉर्डाची पार्षद, म्हणजे नगरसेविका, मी आहे, माझा नवरा नाही. हे आज आपल्या लश्कर भागातल्या भर बाजारात सांगावं लागलं, म्हणून इथेही लिहिते.

बाजारात बायकांसाठी शौचालय व्हावं, हा माझा ठराव परिषदेत पास झालाय. आज सकाळी इंजिनियर जागा आखायला आले. मला सोडायला आलेले हे स्कूटरवरच बसले होते. साहेब सरळ ह्यांच्याकडेच गेले. "भाईसाहब, दुकानदार नाराज़ हैं. मैडम को समझाइए, पीछे गली में बनवा देते हैं."

हे म्हणाले, "पार्षद वो हैं. मैं तो बस छोड़ने आया हूँ."

त्या गल्लीत दिवसासुद्धा अंधार असतो. तिथे कोण बाई जाणार? मी मजुराकडून चुन्याचं घमेलं घेतलं आणि ठरावातल्या जागेवर स्वतः रेघ मारली. साडी पांढरी झाली, होऊ दे.

मग जागेचा पंचनामा सहीसाठी समोर आला. सहीच्या जागी आधीच टाइप केलेलं होतं, 'पार्षद पति', म्हणजे सहीही ह्यांचीच धरलेली. ते खोडून मी माझं नाव लिहिलं.

दुकानदारांनो, रेघ पुसायची तर आमच्या देखत पुसा. बायांनो, उद्या अकरा वाजता मी तिथे उभी आहे. कोण कोण येताय?