सासऱ्यांची नाडी
माझ्या सासऱ्यांची नाडी चुकत चालायची. शहाद्याच्या डॉक्टरांनी डिजिटॅलिसच्या गोळ्या दिल्या, बिडी बंद केली, मीठ कमी केलं. नाडी चुकतीच राहील, तिची धाव तेवढी आवरायची, असं ते म्हणाले. गोळी देण्याआधी रोज मिनिटभर नाडी मोजायची. साठाच्या खाली आली तर गोळी न देता पेशंटला घेऊन यायचं.

हे करायचं कुणी? नवरा तळोद्याला नोकरीला. सासूबाईंना घड्याळ कळत नव्हतं. सासरे स्वतः मोजायला बसले की वीसच्या पुढं त्यांचं लक्ष कपाशीकडं जायचं. घड्याळ माझ्याकडं होतं, पण आमच्या ब्राह्मणपुरी गावात तेव्हा सून सासऱ्यांसमोर उभीसुद्धा राहत नसे, हात धरणं तर लांबच.

म्हणून आम्ही तोड काढली. ओसरीवर सासूबाई त्यांचं मनगट धरून बसायच्या आणि ठोक्यागणिक पितळी ताटलीवर बोट वाजवायच्या. मी दाराआडून घड्याळ बघत मोजायची. रोज सत्तरच्या आसपास. औषध लागू पडलं म्हणून मी खूश होते.

काही दिवसांनी सासऱ्यांचं जेवण सुटलं. मळमळायचं, भाकरी पिवळी दिसते म्हणायचे. अशाच एका सकाळी ताटली टकटक वाजत होती, अगदी एका चालीत. मला एकदम डॉक्टरांचं बोलणं आठवलं. चुकणारी नाडी एवढी शहाण्यासारखी कशी वाजेल? मला राहवेना. पदर सावरत मी बाहेर आले आणि सासऱ्यांचं मनगट धरलं. दोन ठोके, मग काहीच नाही, मग एक.

सासूबाईंची बोटं ताटलीवरच थांबली. त्या हळूच म्हणाल्या, "मधमाच थांबस ती. माले भ्याव वाटे." थांबलेल्या जागा त्या भीतीपोटी स्वतःच्या बोटानं भरून काढत होत्या.

एवढ्यात मला भान आलं की मी कुणाचा हात धरलाय. मी तो सोडायला लागले.

"सोडू नको, पोरी," सासरे म्हणाले. "नीट मोज."

साठाच्या बरीच खाली होती. गोळी दिली नाही, बैलगाडी जुंपली आणि शहादा गाठलं. औषध अंगात जास्त साठलंय म्हणून डॉक्टरांनी ते काही दिवस बंद ठेवलं, मग निम्म्यानं सुरू केलं. सासऱ्यांना पुन्हा भूक लागायला लागली.

नातेवाईक बायका कुजबुजल्याच. सासरे मात्र पुढं होते तोवर रोज सकाळी ओसरीवर बसून बाही वर सारायचे. मी पदर पुढं ओढून घ्यायची. मला लाज वाटू नये म्हणून ते तोंड शेताकडं फिरवायचे, आणि हात माझ्याकडं करायचे.