कल्पनावहिनींचा डब्बा

कल्पनावहिनींच्या दारात तो डब्बा येऊन उभा राहिला, तेव्हा सगळ्यात आधी नाक मुरडलं ते मी. गाडीमागे जोडून न्यायची दोन चाकांची खोली. इंदूरच्या कुणा हौशी माणसाकडून वहिनींनी ती जुनी विकत घेतली होती. बनवणाऱ्याने तिला काहीतरी ऐटबाज नाव दिलेलं होतं, पण आमच्या उज्जैनमध्ये पहिल्याच दिवशी तिचा 'डब्बा' झाला. त्या डब्ब्यापायी माझी स्कूटर फाटकाबाहेर निघेना. मी शेजारधर्म वगैरे बाजूला ठेवून चांगला ओरडलो. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा पाठवला. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला माझ्या ओरडण्याचं काय मोठं कौतुक असणार!

डब्बा कशासाठी आणला, ते सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. सुधाकररावांसाठी, म्हणजे वहिनींच्या यजमानांसाठी. हा माणूस बँकेच्या बदल्यांवर माळवाभर हिंडलेला. दर हिवाळ्यात कोकणात कुलदेवतेला जायचा आणि दर्शन उरकलं की समुद्राच्या कडेने मैलच्या मैल चालायचा. मग किडन्या गेल्या. आता पोटात कायमची नळी आणि दिवसातून चार वेळा घरच्या घरी डायलिसिस. औषधी पाण्याची पिशवी आकड्याला टांगायची, जुनं पाणी पोटातून काढायचं, नवं भरायचं. त्या वेळी दारं-खिडक्या बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. जरा धूळ शिरली की संसर्ग, आणि संसर्ग म्हणजे थेट दवाखाना. म्हणून चार वर्षं सुधाकरराव एका खोलीत होते.

एके दिवशी त्यांनी मला हाक मारली आणि आपले तपकिरी बूट पुढे केले. "मधुकर, तुला बरोब्बर बसतील. मला आता कुठे जायचंय!" हसून म्हणाले. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही, पण नाही कसं म्हणणार? मी बूट घालून फिरायला जाऊ लागलो. वहिनींनी एकदा ते माझ्या पायांत पाहिले. पुढच्याच महिन्यात डब्बा आला.

"यांना खोलीबाहेर पडता येत नाही ना भाऊजी? मग खोलीच बाहेर काढू," त्या म्हणाल्या. बेत थेट कोकणाचा. डॉक्टरांनी अट घातली, आधी जवळपास एक मुक्काम करून दाखवा. सुधाकररावांनी आपली अट घातली, "एकदाच. फसलं तर डब्बा विकायचा. मग माझ्यामागे लागायचं नाही." वहिनींनी दोन्ही अटी मान्य केल्या.

आणि पहिली फेरी साफ फसली.

सुरुवात केली अक्कांनी. अक्का म्हणजे सुधाकररावांच्या थोरल्या बहीण, यांच्याकडेच राहतात, सोवळ्याओवळ्याच्या कडक. नव्या वाहनाची पूजा राम घाटावरच व्हायला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. पूजा छान झाली. पण वहिनी गुरुजींशी बोलत असताना अक्का कलश घेऊन डब्ब्यात शिरल्या आणि जिथे पिशवी टांगायची तिथेच त्यांनी क्षिप्रेचं पाणी भरपूर शिंपडलं. आकड्याला हळदकुंकू लावलं. वर भरीला धूप. वहिनींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळं स्पिरिटने पुसून काढायला अर्धी सकाळ गेली. अक्का बाहेर रुसून उभ्या. "तीर्थ पण चालत नाही म्हणजे हद झाली!"

तरी निघालो. वहिनी गाडी चालवत होत्या, शेजारी सुधाकरराव, मागे अक्का आणि मी. देवासच्या रस्त्याला गाडीने जरा वेग घेतला आणि मागचा डब्बा डावी-उजवीकडे शेपूट हलवायला लागला. मी देवाचं नाव घेतलं, अगदी मोठ्याने. वहिनींनी हळूहळू वेग उतरवून गाडी कडेला घेतली. दार उघडून पाहतो तर पुसलेल्या पलंगावर बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ. पिशवी बदलायची वेळ जवळ आली होती. तसेच माघारी फिरलो. घरी उतरताना सुधाकरराव म्हणाले, "विकून टाक, कल्पना."

"मुक्काम कुठे झालाय अजून?" वहिनी म्हणाल्या. "मुक्कामच झाला नाही, तर ती फेरी कसली?"

शाळेतल्या मुलांना ही बाई कशी पुरून उरली असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या डब्ब्याला चिकटल्या. धूळ मागच्या दाराच्या फटींतून आत ओढली जात होती. त्यांनी सगळ्या फटींना रबराच्या पट्ट्या बसवल्या आणि देवास गेटजवळच्या वेल्डरकडून छताला पुढच्या बाजूने हवा घेणारं एक झाकण करून घेतलं, त्यावर जाळी आणि दाट कापड. गाडी धावली की आत गाळलेली हवा भरणार, मग धुळीला शिरायला वावच नाही. शेपूट हलायचं कारणही त्यांनी शोधून काढलं. औषधाच्या पिशव्यांची जड खोकी आम्ही मागच्या दारातून भरली आणि मागेच ठेवली होती. त्याच्याही मागे अक्कांचा पाटा-वरवंटा, कारण मिक्सरची चटणी अक्कांना चालत नाही. वहिनींनी सुधाकररावांचा रोजचा वजनकाटा डब्बा गाडीला जोडणाऱ्या दांड्याखाली ठेवला आणि दांड्यावर पुरेसा भार येईपर्यंत सामान पुढे सरकवत राहिल्या. खोकी चाकांच्या वर आली, पाटा अगदी पुढे.

मग सिंहस्थाच्या मोकळ्या मैदानावर डब्बा रिव्हर्समध्ये मागे घेण्याचा सराव. डब्बा डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, हे माझ्या डोक्यात शेवटपर्यंत शिरलं नाही. मी मागे उभा राहून जोरजोरात उलट्या सूचना देत होतो. शेवटी वहिनी खाली उतरल्या. "भाऊजी, तुम्ही फक्त उभे राहा. आरशात दिसलात की पुरे." मी खांब होऊन उभा राहिलो आणि डब्बा सरळ मागे आला.

राहता राहिल्या अक्का. वहिनी त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. "अक्का, त्या कोपऱ्यात सोवळं पाळायचंय. देवघरापेक्षा कडक. मला गाडी चालवायची असते. ते कोण सांभाळणार?"

अक्कांनी पदर खोचला. मग विचारलं, "हात कोणत्या साबणाने धुवायचे म्हणालीस?"

त्यानंतर त्या डब्ब्याला जो पहारा बसला, तो किल्ल्यालाही बसला नसेल. दुसऱ्या फेरीत ओंकारेश्वरच्या वाटेवर मुक्काम केला. मी हौसेने आत डोकावलो.

"बाहेर!" अक्का कडाडल्या.

"अक्का, चप्पल काढून ठेवलीये हो."

"चपलेचं काय घेऊन बसलात? हात धुतले? मास्क कुठेय? आधी बाहेर व्हा!"

मी बाहेर झालो. आत पिशवी टांगली गेली. काचेतून दिसलं, सुधाकरराव पलंगावर बसून बाहेरचं शेत बघत होते. पलंगावर धूळ नाही, वाटेत डब्बा हलला नाही, सकाळी ताप नाही. परतल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि जा म्हणाले. वहिनींनी माझ्याकडे बघून फक्त भुवया उडवल्या. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

कोकणात मी गेलो नाही. फोन अक्कांचा आला. कुंभार्ली घाट उतरताना त्या डोळे गच्च मिटून बसल्या होत्या, आणि कल्पना खालच्या गिअरमध्ये गाडी आरामात उतरवत त्यांनाच धीर देत होती. कुलदेवतेचं दर्शन झालं. वहिनींनी समुद्राजवळच्या माडांखाली डब्बा एका झटक्यात रिव्हर्स घेऊन लावला, तेव्हा बघायला गर्दी जमली. "आणि सुधाकरराव?" मी विचारलं. "पिशवी झाल्या झाल्या वाळूत गेलाय," अक्का म्हणाल्या, "दिसत पण नाही आता इथून."

ते परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फिरायला निघालो होतो. फाटकात सुधाकरराव उभे. उन्हाने रापलेले, पायांत साध्या चपला.

"मधुकर, बूट काढ."

मी जागच्या जागी बूट काढले. माझ्याच पायरीवर बसून त्यांनी ते घातले, नाड्या घट्ट बांधल्या, मग एक पाय उचलून तळ निरखला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सोल पार झिजवलास की रे," ते म्हणाले. "आता नवा बसवून घ्यायला पाहिजे. अजून बरंच हिंडायचंय."