लोखंडी दारावरची पांढरी खूण

सुमतीताई देऊळकरांची आणि माझी पहिली भेट उन्हात झाली. सर्वेक्षण कार्यालयात रुजू होऊन मी जेमतेम खुर्ची पुसली होती. ताईंनी मोजणीयंत्राची तिपाई माझ्या खांद्यावर दिली आणि हैदराबादबाहेरच्या एका खडकाळ टेकडीवर नेलं. लांब पल्ल्याचं लेसर यंत्र समोरच्या डोंगरावर किरण टाकतं, परतलेल्या किरणावरून अंतर मोजतं आणि अशा लाखो बिंदूंतून त्रिमितीय चित्र उभं करतं, हे त्यांनी मला समजावलं. मी खूश होऊन आवराआवर करू लागलो, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "आता मागच्या बाजूला चला. इथून यंत्राला डोंगराचं फक्त तोंड दिसतं." मागची बाजू पाहिल्याशिवाय त्यांनी कुठल्याच चित्रावर सही केली नाही. माझे गुडघे त्याला साक्षी आहेत.

ताई तितक्याच मायाळू. माझी मुलगी मराठी बोलते, पण वाचताना अडखळते. ताईंनी तिला बेगम बाजारात फिरवून मसाल्यांची नावं मराठीत लिहायला लावली. हा लेख ती स्वतः वाचणार म्हणते. बघू.

पण त्यांची खरी ओळख मला राज्याच्या विभागणीच्या काळात पटली. एका राज्याची दोन झाली, तसे कार्यालयाचेही दोन भाग होत होते. कपाटं, माणसं, सगळ्याचं वाटप चाललं होतं. ताईंच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं अंबरपेठेतलं घर सुटू नये म्हणून ताईंनी हैदराबादेतच राहण्याचा अर्ज केला होता. निर्णय व्हायचा होता.

त्याच सुमारास एका वस्तीवर झुकलेल्या प्रचंड शिळेचं काम आलं. पावसाळ्याआधी एक चित्र, नंतर एक. दोन्ही चित्रं एकमेकांवर बसवायला ठरलेल्या जागी पांढऱ्या खूणपाट्या लागतात. निम्म्या पाट्या वाटपात गेलेल्या, त्यामुळे कामापुरत्या तीनच लावल्या. चित्रं जुळवली तर शिळा पुढे कललेली दिसली. घरं रिकामी करावीत, असा अहवाल गेला.

ताईंच्या मनाला ते पटेना. त्या पुन्हा शिळेची मागची बाजू बघायला गेल्या. मी सोबत होतो. पायथ्याशी राहणाऱ्या लक्ष्मीबाई सामान बांधत होत्या, तरी त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं. त्यांच्या अंगणाचं लोखंडी दार साखळीनं बांधलेलं होतं आणि आमची एक पाटी त्यावरच चिकटवलेली. ताईंनी दाराला हात लावला, तर साखळी ढिली असल्यानं ते वीतभर पुढे आलं. दोन चित्रांच्या मधल्या काळात हललं होतं ते दार, आणि त्यावरच्या पाटीवरून चित्रं जुळवल्यानं शिळाच कलल्यासारखी दिसली होती. ताईंचा चेहरा उतरला. पाटी त्यांनीच लावली होती.

"हौ बाई, मग जायचं का राहायचं, एवढंच सांगा," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"पाटी मी चुकीच्या जागी लावली. पुन्हा मोजेपर्यंत सामान बांधू नका," ताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाट्या पक्क्या दगडांवर लावून आम्ही नव्याने मोजलं. शिळा जागची हलली नव्हती. आमच्या वरिष्ठांना ताईंच्या अर्जाची काळजी होती. त्यांनी सुचवलं की यंत्रात बिघाड होता, असं लिहावं. ताई म्हणाल्या, "त्याला बोलता येत नाही म्हणून त्याच्या माथी मारू का?" आणि चूक स्वतःच्या नावावर लिहून दिली.

पुढे ताईंचं नाव पलीकडच्या राज्याच्या यादीत आलं. त्या चुकीमुळेच का, कोण जाणे. मला आजही त्याचा राग येतो. आईंना सोबत घेऊन त्या गेल्या. वस्तीतली घरं राहिली आणि अंबरपेठेतलं घर सुटलं. आईंनी पुन्हा ते पाहिलं नाही.

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत आणि निवृत्त होऊन हैदराबादेत परतत आहेत. हे सांगायला मी परवा त्या वस्तीत जाऊन आलो. दार तेच आहे. त्याला दोनदा रंग दिला, पण पाटीच्या जागेचा पांढरा चौकोन लक्ष्मीबाईंनी तसाच ठेवलाय. ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो, टेकड्या चढायचं बळ त्यांच्या पायांत राहो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा. लक्ष्मीबाईंचा निरोप मात्र त्यांच्याच शब्दांत देतो: "बाईंना सांगा, घर बघायला अंबरपेठेत नक्को जाऊ. सीधं इकडं या."