चहा झाल्यावरची बातमी

मी पुण्याला निघाले तेव्हा गाडी डहाणूच्या फलाटावर लागली होती आणि आई आगर गावातल्या कुणाच्या तरी लग्नातली पंगत सांगत होती. पप्पा रेल्वेतले, त्यांचं लक्ष सिग्नलवर. "अगं, तिला चढू दे!" गाडी हलली, तशी आई खिडकीबरोबर धावत ओरडली, "आणि त्या लग्नात तुझ्यासाठी एक मुलगा बघितलाय, बाय!" मूळ बातमी ही होती.

तिकडे राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे दारात बातमी सांगत नाहीत. आधी पाणी, मग चहा, शेजारच्या शांताबेनचा खाखरा, घरच्या सगळ्यांची चौकशी, आणि मग, "बरं, आलो होतो ते यासाठी." दारातच कोणी बोलला, तर समजायचं, कुणीतरी गेलं.

हे वळण घेऊन मी पेपरात शिकाऊ म्हणून लागले. पहिली बातमी एका वस्तीतलं पाणी बंद झाल्याची. मी सुरुवात केली अंगणापासून. मग घरच्या काकूंनी केलेलं स्वागत, त्यांचा कोरा चहा. नळ कोरडे असल्याचं शेवटच्या परिच्छेदात. पानावर जागा कमी पडली की मजकूर खालून कापतात, हे मला कुठे माहीत? सकाळी पुणेकरांना एवढंच कळलं, की काकू कोरा चहा फक्कड करतात.

"ताई, चहा आवडला," डेस्कवरचे साहेब म्हणाले. "बातमी कुठंय?"

दुसऱ्यांदाही तेच झालं. तेव्हा ते हसले नाहीत. "अजून थोडे दिवस बघतो. नाहीतर डहाणूची गाडी आहेच."

परत जाऊन पप्पांना काय तोंड दाखवणार? मग सवयच लावून घेतली. लिहायला बसण्याआधी गच्चीवर जायचं आणि काय झालं ते एका दमात मोठ्याने म्हणायचं. दम पुरला नाही, तर कीबोर्डला हात लावायचा नाही. शेजाऱ्यांना वाटायचं, पोरगी प्राणायाम करते. सराव फोनवर आईवरही चालायचा: "आई, मुद्दा सांग, मुद्दा!"

नोकरी पक्की झाली. आईसुद्धा शिकली. "पप्पा बरे. चिकू उतरवले. ठेवते." मी खुर्चीत टेकेपर्यंत फोन बंद. वर्षानुवर्षं हे असंच चाललं. मी मात्र नव्या पोरांना बातमीचा पहिला परिच्छेद शिकवत राहिले, मोठ्या ऐटीत.

गेल्या महिन्यात संध्याकाळी, पानं लावायच्या घाईत तिचा फोन आला. "सायवनची मावशी गेली, बाय. तू कामात असशील. ठेवते."

एका दमात सगळं. कापण्यासारखं काही नाही.

"आई, ठेवू नकोस. पहिल्यापासून सांग."

"वेळ आहे तुला?"

"आहे."

मग ती सुरू झाली: सकाळी मावशी ओटा सारवायचा म्हणत होती, सुनेने नको म्हटलं, तेवढ्यात नरपडहून कोणी मासे घेऊन आलं, कुठले मासे, ते किती ताजे होते... डेस्कवरून दोनदा हाक आली. मी हातानेच थांबा म्हटलं.

माझ्या आधार कार्डावर आता पुण्याचा पत्ता आहे. पण घर विचाराल तर ते तिकडे, जिथली वाईट बातमीसुद्धा मला सावकाश ऐकायची असते. आई अजून माशांवरच होती. मी तिला घाई केली नाही.